'व्हिस्टा': रुग्णालयातच लिहिली गेलेली प्रणाली

अमेरिकेत माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयांची संगणक-प्रणाली 'व्हिस्टा' म्हणून ओळखली जाते. ती कोणा कंपनीने तयार करून दिलेली नाही. डॉक्टर-फार्मासिस्टांच्या शेजारी बसून प्रोग्रामरांनी ती लिहिली आणि तिचे बहुतेक गुण तिथूनच आले.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस ही रुग्णालये चालवणाऱ्या माजी सैनिकांच्या खात्यातल्या वरिष्ठांचा भर मध्यवर्ती संगणकावर होता. काही प्रोग्रामरांनी मात्र रुग्णालयांतल्या छोट्या यंत्रांवर 'मम्प्स' भाषेत काम सुरू केले. ही भाषा १९६०च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये घडली होती. एका रुग्णाच्या शंभर तपासण्या, दुसऱ्याची एकच, तिसऱ्याचा नुसता पत्ता. अशी विषम माहिती तिच्यात जागा वाया न घालवता मावते. वरिष्ठांनी हे काम मोडून काढायचा प्रयत्न केला, तरी प्रोग्राम एका रुग्णालयातून दुसऱ्यात गुपचूप पोचत राहिले. ही मंडळी स्वतःला 'हार्डहॅट्स' म्हणवत. १९८२ मध्ये त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळाली. 'व्हिस्टा' हे नाव १९९०च्या दशकातले.

त्याच दशकात केसपेपर पडद्यावर आला. डॉक्टर औषध लिहू लागला की रुग्णाची ॲलर्जी किंवा दोन औषधांचा विरोध लगेच दिसतो. इशारे फार झाले, की ते न वाचताच पुढे जायची सवय लागते, हेही खरे.

औषध देतानाची बारकोड-पडताळणी ही व्हिस्टाची सर्वांत नामी देणगी. कॅन्ससमधल्या टोपेकाच्या एका परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना कर्मचाऱ्याच्या हातात स्कॅनर पाहिला आणि तोच रुग्णाच्या खाटेशी का नको, असे तिला वाटले. आता परिचारिका रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा आणि औषधाच्या पाकिटावरचा बारकोड वाचते; रुग्ण, औषध, मात्रा, वेळ यांपैकी काही चुकले तर यंत्र अडवते. पट्टी चुरगळलेली असली किंवा घाई असली, की काही जणी क्रमांक हाताने टाइप करत. तेवढ्यापुरती पडताळणी फोल ठरे.

२००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सचे रुग्णालय बंद पाडले, तरी तिथल्या रुग्णांच्या नोंदी इतर गावांतल्या डॉक्टरांना मिळाल्या. प्रणाली सार्वजनिक, कोणालाही वापरायला खुली असल्याने जॉर्डनने आपली 'हकीम' ही प्रणाली तिच्यावरच उभारली.

खुद्द अमेरिकेने मात्र व्हिस्टाच्या जागी नवी प्रणाली आणण्यासाठी २०१८ मध्ये सर्नर कंपनीशी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार केला. २०२० मध्ये स्पोकेन शहरातल्या रुग्णालयात ती सुरू झाली, तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये पुढचा विस्तार थांबवावा लागला. तेव्हा बाकीच्या बहुतेक रुग्णालयांत व्हिस्टाच चालू होती.