पाट पोचला काय?
चाकरमान्यांच्या तीन पिढ्या आणि गावचा गणपती

श्रावण लागला की गणपतीच्या शाळेत पाट यायला सुरुवात होते. पाटाच्या मागे खडूने घरवाल्याचं नाव. आणि त्याच सुमारास तुमचा फोन वाजतो. बोरिवलीहून, मुलुंडहून, नाहीतर घाटकोपरहून चुलतभाऊ विचारतो, "पाट पोचवलंस काय रे?" तुम्ही 'होय' म्हणता आणि तो निर्धास्त होतो. उपनगरांतल्या कितीतरी कोकणी घरांची सुट्टी या एका प्रश्नापासून सुरू होते.

मंडळी, मुंबईत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. चाकरमानी त्याची वर्गणी देतो, रात्र रात्र जागून आरासही करतो. पण घरचा गणपती म्हटला की त्याला गावचं मूळ घरच आठवतं. कित्येक घराण्यांत अजून एकच गणपती असतो आणि भावाभावांत त्याची पाळी लागते. दीड दिवस, पाच, सात की अकरा, हे ठरलेलं. ही रीत टिकली आहे खरी; पण ती पाळणाऱ्यांचं जिणं तीन पिढ्यांत पार बदललं. ते कसं, ते जरा मागे वळून बघू.

खोली आणि मनीऑर्डर

तुमचे आजोबा आठवा. लालबाग-परळला गावकरी मंडळाच्या एका खोलीत वीस-पंचवीस गडी. दिवसपाळीवाला कामाला गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला अंग टाकायचा. जेवण खानावळीत, पगारातली मनीऑर्डर गावाला. बायको-मुलं गावी आणि शेतीचा सगळा भार त्या बाईच्या अंगावर.

या माणसाची सुट्टी म्हणजे आपल्याच संसाराला भेटायची वेळ. शिमग्याला आणि मे महिन्यात तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचा. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे गणपतीला येणं सोपं नव्हतं. १९४८ साली एसटी सुरू झाली आणि ती जसजशी गावोगाव पोचली तसतशी वाट सुधारली. तो आला की आधी गळकं कौल बघायचा, मग बांधावरून फिरून भात कसं आहे ते बघायचा. घरात तो पाहुणा नव्हता. घर त्याचंच होतं, तो फक्त कामाला मुंबईत होता.

गिरणी बंद, बिऱ्हाड उपनगरात

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांना परत गिरणीचं दार दिसलं नाही. काहीजण गावी परतले. बाकीच्यांनी कुठे कंपनीत, कुठे वॉचमन म्हणून, कुठे भाजीच्या गाडीवर दिवस काढले. लालबागच्या जागा परवडेनात. बिऱ्हाडं बोरिवली, कांदिवली, भांडुप, मुलुंड, घाटकोपरकडे सरकली. पुढे तर विरार-डोंबिवलीपर्यंत गेली.

आता बायको-मुलंही मुंबईत आणि म्हातारी माणसं गावी. सुट्टीचा अर्थ फिरला. मुलांचं गाव म्हणजे मे महिना: आंबे, करवंदं, विहिरीत उड्या. आणि बापाचं गाव म्हणजे गणपती. वर्षाची रजा जपून ठेवायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दारात हजर व्हायचं. मुलुंड-बोरिवलीहून वाडीच्या मंडळाने एसटीची अख्खी गाडीच ठरवायची, पुढे नारळ फोडायचा आणि वाटभर भजन. १९९८ साली कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला आणि गाव आणखी जवळ आलं.

साठ दिवस आधीची धावपळ

आता नातवाकडे बघा. तो अंधेरीला ऑफिसात आहे. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलं व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. ते खुलं झालं की काही मिनिटांत गाड्या भरतात. पश्चिम उपनगरातल्या माणसाला पूर्वी आधी दादर, ठाणे नाहीतर पनवेल गाठावं लागे. २९ ऑगस्ट २०२४ रोजी बोरिवलीवरून जाणारी वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली, तीही आठवड्यातून दोनच दिवस. एवढं करून नातू येतो, हे त्याचं कौतुकच. पण त्याच्या मुलांची मे महिन्याची सुट्टी शिबिरात आणि क्लासात जाते. गणपतीतही शाळेची चाचणी आडवी आली तर आई मुलांना घेऊन मुंबईतच राहते आणि आरती मोबाईलवर बघते. काहींनी फ्लॅटमध्येच दीड दिवसाचा गणपती आणायला सुरुवात केली. घरातली म्हातारी म्हणते, "एका घराण्यात दोन गणपती नको." पोरं म्हणतात, रजा कुठून आणू? दोघांचंही खोटं नाही.

२०२० साल तुम्ही विसरला नसाल. चाकरमान्यांना गावात आल्यावर दहा दिवस अलग राहावं लागलं. नियम पाळायचा आणि आपल्याच माणसाला दारात थांबवायचं, हे दुखणं सरपंच आणि ग्रामसेवकांनी सोसलं. आपलं माणूस आपल्याच गावात पाहुणा झालंय, हे तेव्हा दोन्हीकडच्यांना उघड दिसलं.

या पाच दिवसांत काय करता येईल?

इथे गावकऱ्यांचं काम सुरू होतं. पहिली गोष्ट, आलेल्या पोरांना पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका. माटवी बांधायला रानात न्या. कवंडळ, शेरवड, हरणं, तेरडा कुठे मिळतो ते आज तुम्हालाच ठाऊक आहे. टाळ हातात द्या. आणि एकदा बांधावरून फिरवून प्रत्येक शेताचं नाव सांगा. ज्याला शेताचं नाव ठाऊक नाही, तो ते पड का राहिलं म्हणून विचारणार नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. तुमच्या गावचे सातबारे काढून बघा. कित्येकांवर अजून गिरणीतल्या आजोबांचं नाव असेल. आजोबा वारले मुंबईत, मृत्यूचा दाखला पडला बोरिवलीच्या कपाटात आणि सातबारा इथे. सगळे वारस एका पडवीत जमतात ते फक्त गणपतीतच. म्हणून पाटाचा फोन येईल तेव्हाच सांगा: येताना मृत्यू दाखला, आधार आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन ये. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर मुंबईतूनही भरता येतो. हरकतीची मुदत १५ दिवसांची असते, त्यामुळे अर्ज आधी करावा आणि बोलणी-सह्या पाच दिवसांत उरकाव्यात. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज देता येतो.

यात बहिणींना विसरू नका. गौरीला माहेरवाशीण येते, आणि पुष्कळदा आपण त्याच दिवशी हक्कसोडपत्र पुढे करतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. सही करायची की नाही, हे तिचं तिने ठरवावं. सणाच्या भिडेपोटी नव्हे. आणि तलाठी, ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती, चतुर्थीची सुट्टी सोडून त्या आठवड्यात एक दिवस तरी चाकरमान्यांसाठी कार्यालयात राखून ठेवा. वर्षभर पत्रं पाठवूनही न भेटणारी माणसं त्या दिवशी समोर बसतील.

आजोबांना गाव पोटाने बांधून ठेवत होतं, बापाला आईवडिलांनी. नातवाला बांधायला आता मूर्तीचा पाट तेवढा उरला आहे. तेव्हा औंदा फोन आला, "पाट पोचवलंस काय?" तर 'होय' म्हणा आणि पुढे एवढंच सांगा, "औंदा पोचवलंय. फुडल्या वर्षी तुझ्या झिलाक पाठव, तो नेऊन ठेवील."