71 मिलिमीटरची किंमत

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये मधल्या रांगेत बसून एकांकिकेचा फोटो काढायचा, तर अडचण अंतराची नसते, उजेडाची असते. अंतराचं गणित सोपं आहे. समजा, रंगमंच 15 मीटरवर आहे आणि कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, म्हणजे सेन्सरची लांब बाजू साधारण 23.5 मिमी. कॅमेरा उभा धरून दोन मीटर उंचीची चौकट भरायची, म्हणजे नट डोक्यापासून पायापर्यंत मावायला हवा. मग 23.5 ला 15 ने गुणायचं आणि 2 ने भागायचं. उत्तर येतं 176 मिमी, तेवढं लेन्सचं केंद्रांतर हवं. हौशी छायाचित्रकारांकडे सर्रास दिसणारी 55-250 ची साधी झूम लेन्स तिथवर आरामात पोचते. तरीही त्या फोटोत संवाद फेकणाऱ्या नटाचा हात पुसट येतो आणि चेहऱ्यावर रवाळ ठिपके दिसतात.

मग कुणीतरी सांगतं, ‘सेव्हंटी-टू हंड्रेड घे, टू-पॉइंट-एटवाली.’ म्हणजे 70 ते 200 मिमीची, सगळीकडे एफ/2.8 राहणारी फास्ट लेन्स. सल्ला बरोबर असतो. पण नव्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी कंपन्यांच्या स्वतःच्या अशा लेन्स दोन लाखांच्या पुढे जातात. डोंबिवली-कल्याणच्या कॉलेजात शिकणाऱ्या, नाट्यवर्तुळात फुकट फोटो काढून देणाऱ्या मुलाने एवढे पैसे कुठून आणायचे? ही किंमत नेमकी कशाची आहे, हे कळलं तर कमी पैशांत काय घ्यावं तेही कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की लेन्सवर छापलेला एफचा आकडा घटकाभर बाजूला ठेवावा आणि तिच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये काढावा.

एफचा आकडा हे एक गुणोत्तर आहे. लांबट खोलीच्या एका टोकाला खिडकी असावी आणि दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर उजेड पडावा, तसं लेन्सचं असतं. खोली जितकी लांब, तितकी खिडकी मोठी हवी, नाहीतर भिंतीवर उजेड पुरत नाही. केंद्रांतराला (खोलीच्या लांबीला) भोकाच्या व्यासाने भागलं, की एफचा आकडा मिळतो. भोक म्हणजे लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर आतल्या पात्यांचं जे गोल दार दिसतं, ते. 200 मिमीला एफ/2.8 हवा असेल, तर 200 भागिले 2.8, म्हणजे 71 मिमीचं भोक लागतं. 55-250 लेन्स 250 मिमीला एफ/5.6 असते. तिचं भोक फक्त 45 मिमीचं.

एफ/5.6 पेक्षा एफ/2.8 ला सेन्सरच्या प्रत्येक कणावर चौपट उजेड पडतो. मंचावरच्या दिव्यांत आयएसओ 3200 ठेवून एफ/2.8 ला सेकंदाचा 250 वा भाग एवढा शटर मिळत असेल, तर एफ/5.6 ला तिथेच 60 वा भाग मिळतो. नटाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत असेल, तर 1/60 सेकंदात तो 3 सेंटिमीटरहून जास्त सरकतो. 1/250 मध्ये जेमतेम 8 मिलिमीटर. लेन्समधला स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही. तो फोटो काढणाऱ्याचा कंप सावरतो, नटाची हालचाल थांबवत नाही. दुकानदार स्टॅबिलायझरची फार तारीफ करतात, म्हणून हे ठळक सांगायला हवं.

आयएसओ वाढवला तर? 1/250 कायम ठेवून तो 12,800 केला, तर फोटो उजळ दिसेल, पण उजेड वाढलेला नसतो. पडलेल्या उजेडाचा फक्त आवाज मोठा केलेला असतो. उजेड कणाकणाने येतो आणि कणांच्या येण्यात उपजत अनियमितता असते. ती कणांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणून उजेड चौथ्या हिश्श्यावर आला की चित्राची स्वच्छता निम्मी होते. चेहऱ्यावरचे रवाळ ठिपके हेच. अलीकडची सॉफ्टवेअर ते बऱ्यापैकी पुसतात. थोड्या पैशांत होणारा हा मोठा फायदा आहे आणि तो घ्यायला लाजू नये. पुसटलेला हात मात्र कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

आता किमतीकडे वळू. 45 मिमीवरून 71 मिमीवर जाताना व्यास दीडपट झाला, पण काचेचं आकारमान व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे चौपटीच्या आसपास. कॅनन 55-250 एसटीएमचं वजन 375 ग्रॅम आहे. 2010 मध्ये आलेल्या कॅननच्या ईएफ 70-200 एफ/2.8 च्या दुसऱ्या आवृत्तीचं 1,490 ग्रॅम. अगदी चौपट. वजनाहून मोठी अडचण किरणांच्या शिस्तीची असते. भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूत नेमके मिळत नाहीत. एफ/5.6 वरून एफ/2.8 वर आलं, की एकाच घडणीच्या भिंगात हा गोलीय दोष आठपट होतो. तो आवरायला आणखी भिंगं लागतात. शिवाय लाल आणि निळा किरण वेगवेगळ्या ठिकाणी जुळतात. त्यासाठी फ्लोराइटचे स्फटिक आणि खास कमी अपस्करणाची काच वापरावी लागते. वर सांगितलेल्या कॅनन लेन्समध्ये 19 गटांत 23 भिंगं आहेत, त्यांतलं एक फ्लोराइटचं आणि पाच खास काचेची.

19 गट म्हणजे हवेला भिडणारे 38 पृष्ठभाग. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत फिरवतो. 38 वेळा 4 टक्के गेले, तर शेवटी जेमतेम पाचवा हिस्सा उरेल आणि 71 मिमीच्या भोकाला काही अर्थ राहणार नाही. तसं होत नाही, कारण 1935 मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तन रोखणारा अतिशय पातळ लेप बसवण्याची पद्धत शोधली. भिंग तिरकं धरल्यावर जांभळट-हिरवी झाक दिसते, तो हाच लेप. आपल्या पावसाळ्यात बुरशी पहिला घाला यावरच घालते. त्याकडे पुढे येऊच.

व्यासाची ही मोजपट्टी हाती आली, की दुकानातला गोंधळ बराच निवळतो. 70-200 एफ/4 चं भोक 50 मिमी, 85 मिमी एफ/1.8 चं 47 मिमी आणि साध्या 55-250 चं 45 मिमी. तिन्ही एकाच घरातल्या. खरी उडी 71 वर आहे, आणि पैसे त्या उडीचे लागतात. यातली 85 मिमी एफ/1.8 तर आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. ती झूम नाही, पण एफ/2.8 च्या जवळजवळ अडीचपट उजेड देते. कॅननची 1992 ची ईएफ 85 वजनाला 425 ग्रॅम आहे आणि जुन्या बाजारात सहज मिळते. 24 मेगापिक्सेलच्या फोटोतून मधला अर्धा रुंद, अर्धा उंच तुकडा कापला, तर 170 मिमीची चौकट मिळते आणि 6 मेगापिक्सेल उरतात. 10 इंची छापील फोटोला तेवढे पुरतात. कापताना उजेडही वाया जातो, त्यामुळे तो तुकडा 170 मिमी एफ/3.6 ने काढल्यासारखा येतो. म्हणजे एफ/2.8 पासून तो पाऊण पायरीच मागे आहे. पुढच्या रांगेत बसायची मुभा असेल, तर कापायचीही गरज नाही.

आता मैदान बदलून ठाण्याच्या खाडीवर जाऊ. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं. ऐरोलीहून बोटीने निघालं, की हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला लहान आणि मोठे, दोन्ही रोहित पक्षी दिसतात. तिथे लख्ख उन्हात आयएसओ 400 आणि एफ/5.6 ला शटर सेकंदाच्या 3,200 व्या भागापर्यंत जातो. पंख फडफडताना थांबवायला तो भरपूर झाला. एफ/2.8 साठी मोजलेले पैसे या उन्हात वाया जातात. साठ मीटरवरचा, पाऊण-एक मीटर उंचीचा लहान रोहित 200 मिमीने सेन्सरवर 3 मिमीचा उमटतो आणि चौकटीची उंची असते साडेपंधरा मिमी. इथे लांबी हवी. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या 150-600 एफ/5-6.3 या लेन्स त्यासाठी आहेत, आणि 600 भागिले 6.3 केलं की भोक येतं 95 मिमीचं. दोन किलोच्या आसपासची ही काच तुलनेने स्वस्त का, तर एफ/2.8 ची कडक शिस्त तिला पाळावी लागत नाही.

दहीहंडीचं गणित मधलं. 10 ऑगस्ट 2012 रोजी ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने 13.34 मीटरचा मनोरा रचून गिनीज विक्रम केला होता. तेवढा मनोरा 30 मीटरवरून उभ्या चौकटीत पूर्ण घ्यायला 53 मिमी पुरतात. वरचे तीन मीटर भरायचे, तर 235 मिमी. श्रावणातल्या ढगाळ दुपारी दोन पावलं मागे सरकलं, की साधी 55-250 हे दोन्ही करते. संध्याकाळ झाली, दिवे लागले, की मात्र रंगायतनचेच नियम सुरू होतात. कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यांचंही तेच. डोंबिवलीच्या फडके रोडवरची दिवाळी पहाट आणि पाडव्याची स्वागतयात्रा मात्र उजाडल्यावर रंगते. तिथे मोठी लेन्स नेऊ नये, गर्दीत ती अडचणच होते.

मग 71 मिमीच्या आसपासचं भोक खरोखर हवंच असेल आणि पैसे कमी असतील, तर काय सोडायचं ते ठरवायला हवं. भोक स्वस्त होत नाही, बाकीच्या गोष्टी होतात. टॅमरॉनने 2020 मध्ये सोनी कॅमेऱ्यांसाठी 70-180 एफ/2.8 काढली. शेवटचे 20 मिमी सोडले, स्टॅबिलायझर सोडला आणि वजन 810 ग्रॅमवर आणलं. सोनी बॉडी असलेल्यांनी ती जुनी मिळाली तर जरूर पाहावी. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये छातीशी बॅग धरून उभं राहणाऱ्याला हा वजनातला फरक मणक्यात कळतो.

कॅननवाल्यांसाठी 1995 ची ईएफ 70-200 एफ/2.8, स्टॅबिलायझर नसलेली, अजून चांगली आहे. काच उत्तम, फोकस वेगवान. कंपनीच्या अडॅप्टरवर ती नव्या मिररलेस बॉडीवरही पूर्ण चालते. मोटार बिघडली तर सुटे भाग मिळणं कठीण, हा धोका धरून चालावं. निकॉनची 80-200 एफ/2.8 एएफ-डी त्याहून स्वस्त पडते, पण तिच्यात फोकसची मोटार नसते, ती बॉडीत लागते. डी7000 ते डी7500 या बॉडींत ती आहे. डी3000 आणि डी5000 मालिकांत नाही, आणि झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही ती लेन्स आपोआप फोकस करत नाही. हे न विचारता घेतलेली लेन्स अंधाऱ्या नाट्यगृहात हाताने फोकस करत बसावी लागते. 176 मिमी, एफ/2.8 आणि 15 मीटरवर क्रॉप सेन्सरची स्पष्टतेची खोली सुमारे 80 सेंटिमीटरच असते.

जुन्या लेन्ससाठी मध्य रेल्वेच्या लोकांना फोर्टातला बोरा बाजार सोयीचा, सीएसएमटीला उतरून चालत. लेन्स हातात आली, की पात्यांचं दार पूर्ण उघडावं, एका टोकाने मोबाइलची बॅटरी तिरकी मारावी आणि दुसऱ्या टोकाने पाहावं. धुळीचे चार कण असतील तर ते सोडून द्यावेत, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले, तर ती बुरशी. ती सेंद्रिय आम्ल सोडते, लेप खाते आणि पुढे काचही कोरते. पुसून धागे जातात, कोरलेलं भरून येत नाही. किंमत कितीही उतरवली तरी अशी लेन्स घेऊ नये. नंतर भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून 200 मिमी, एफ/2.8 ला फोटो काढावा आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. एकच कोपरा पुसट असेल, तर आतलं एखादं भिंग जागचं हललेलं आहे, बहुधा लेन्स कधीतरी पडलेली आहे.

खाडीकाठच्या आपल्या शहरांत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला याहून कमीही पुरते. लेन्स कापडी बॅगेत, कपाटाच्या अंधारात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, एवढ्याने काम भागतं. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करावं, आणि लेन्स अधूनमधून उजेडात काढून वापरावी.

फोटो काढायला परवानगी घ्यावी आणि शक्यतो रंगीत तालमीला काढावेत, तिथे पहिल्या रांगेत बसता येतं. फ्लॅश कधीच वापरू नये. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलात आणि चित्रात आडवे पट्टे दिसले, तर मंचावर एलईडी दिवे आहेत असं समजावं आणि यांत्रिक शटरवर परतावं.

ज्याच्याकडे आज फक्त किट लेन्स आहे आणि ज्याला नाटकं टिपायची आहेत, त्याने आधी जुनी 85 मिमी एफ/1.8 घ्यावी, सोबत जुनी 55-250 ठेवावी आणि दोन-तीन मोसम पुढच्या रांगेतून काम करावं. तेवढ्या कामातून पैसे येऊ लागले, तर मग बिनस्टॅबिलायझरची, बुरशी नसलेली जुनी 70-200 एफ/2.8. नवी 70-200 एफ/4 मात्र या कामासाठी घेऊ नये. तिच्या 50 मिमीच्या भोकासाठी तुम्ही जास्त पैसे मोजता आणि नाट्यगृहात ती 85 च्याही मागेच राहते.