घराचा पैसा आधी जमिनीखाली घाला

खडकवासला : घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने बांधले त्यालाच ते कळते. शेतकऱ्याच्या हयातीत घर एकदाच होते. उसाचे बिल, विकलेली बैलजोडी, सोसायटीचे कर्ज, मुलाचा पगार असा चार ठिकाणचा पैसा त्यात जातो. आणि बहुतेक वेळा हा पैसा दिसणाऱ्या जागी खर्च होतो. दर्शनी दरवाजा सागाचा, ओटीला चकचकीत फरशी, वर गॅलरीचे कठडे. पायाच्या वेळी मात्र "तेवढं खोल कशाला?" असे म्हणून हात आखडता घेतला जातो.

घराचे भाग मोजायचे तर पाच : पाया, जोते, भिंत, दारे-खिडक्या आणि छप्पर. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बांधून झाल्यावर कोणालाच दिसत नाही. म्हणूनच तो मालकाने वेळीच पाहायचा असतो.

१९६१ चा पूर

पाणी घराचे काय करते हे खडकवासल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यावर आले. खडकवासल्याची भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, इंग्रजांच्या काळातली. तिनेही त्या लोंढ्यापुढे हार खाल्ली आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले.

पेठांतले कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. त्यांच्या विटा काही कच्च्या नव्हत्या, लाकूडही चांगले होते. पण विटांमध्ये सांधायला होती माती. चार-सहा तास पाण्यात राहिल्यावर ती माती विरघळली आणि तिच्याबरोबर भिंत खाली आली. दगड-वीट कितीही चांगली असली, तरी घर उभे राहते ते सांध्याच्या जोरावर, हा त्या पुराचा धडा आहे.

नदीकाठी घर बांधणाऱ्याने आधी पूररेषा विचारावी. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. नदी आपली जागा विसरत नाही.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी जमिनीची दोन नावे ठेवली होती. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गाव वसवताना ते शक्यतो उंचवट्यावर, मुरमाड जागेवर वसवीत. काळी जमीन पिकाला सोन्यासारखी, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात भेगा पडतात. वरचे घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मालक ती सिमेंटने बुजवतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. दोष गिलाव्यात नसतो, खाली असतो.

आता गावठाणे अपुरी पडली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि घरे शेतात जाऊ लागली. म्हणजे पांढरी सोडून आपण काळीवर राहायला गेलो, पण पाया मात्र पांढरीवर खणत होतो तेवढाच खणतो. हीच मोठी चूक होते.

काळ्या जमिनीत खोदाई कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत न्यावी. पहारीचा आवाज बदलला, टोक उसळू लागले, की तळ आला असे समजावे. मुरूम फारच खोल असेल तर तालुक्याच्या अभियंत्याला विचारून खांबांचा पाया घ्यावा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर बुंधा असलेला खांब पुढे आणला. त्याला अंडररीम पाइल म्हणतात. साधारण साडेतीन मीटर खोल गेलेला हा खांब वरच्या फुगणाऱ्या थराच्या खाली आपले पाय रोवतो. एक गोष्ट मात्र कोणत्याही पायाला लागू आहे. चरातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नये. भरावाला मुरूमच वापरावा, तोही थराथराने, पाणी मारून आणि धुमसाने ठोकून.

जोते आजूबाजूच्या जमिनीपासून निदान दीड फूट उंच हवे. त्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा सलग थर घालावा. तो चुकला की ओल भिंतीत चढते, गिलाव्याला लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. घराभोवती दोन-तीन फुटांची फरसबंदी करून तिला बाहेर उतार द्यावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायात मुरणार नाही.

भिंत एक हवी, दोन नव्हेत

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकते झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. मग त्या पडल्या का? कारण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी आणि मध्ये चिपा व माती. दोन्ही रांगा बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसताच बाहेरची रांग बाहेर गेली आणि आतली झोपलेल्या माणसांवर आली. वरून माळवदाची टनावारी माती कोसळली. मात्र काही घरांत लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा होता. तिथे भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तरले आणि आतली माणसे वाचली.

दगडी भिंत घालणाऱ्याने एवढे पाळावे : उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड आरपार घालावा. एवढा लांब दगड नसेल तर काँक्रीटचा ठोकळा पाडून घ्यावा. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरवावा. पाटीला दोरी बांधावी तसा तो घराला बांधून ठेवतो. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवावी.

आता गावोगाव कॉलमची घरे होतात. पण कॉलम आहे म्हणून घर पक्के, असे नाही. रिंगा ढिल्या किंवा लांब-लांब असतील तर उभ्या सळ्या भार आल्यावर बाहेर वाकतात. रिंगेची टोके कॉलमच्या पोटात वळवून घ्यावीत. सळीच्या बाहेरून दीड इंच काँक्रीट आले पाहिजे. सळी उघडी राहिली की गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते.

छप्पर : वजन आणि वारा

मावळ-मुळशी-वेल्ह्याच्या पावसात पूर्वी कारवीचा कूड, वर वासे आणि उतरते छप्पर असे. उतार आणि पुढे आलेल्या पागोळ्या यांमुळे भिंत कोरडी राही. मंगलोरी कौल आजही थंडाव्याला चांगले, पण वानरे असलेल्या गावात दरवर्षी चाळणी करावी लागते. पत्रा स्वस्त आणि हलका, पण वाऱ्याला तो धरून ठेवावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणाबरोबर पुणे जिल्ह्यातही पत्रे उडाले. नुसते दगड ठेवून पत्रा राहत नाही. तो आकड्याच्या बोल्टने कैचीला आणि कैची भिंतीतल्या पट्ट्याला बांधलेली हवी. स्लॅब घालायचा तर पाणी वाहून जाईल इतका उतार आधीच द्यावा.

माल पारखून घ्या

बी घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो. बांधकामाचा मालही तसाच बघावा.

वीट : दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठू नये. कमरेइतक्या उंचीवरून मातीवर टाकली तर फुटू नये. चोवीस तास पाण्यात ठेवून वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त पाणी प्याली तर ती वीट परत करा.

वाळू : काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि मिठाचे पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. आता नदीची वाळू दुर्मीळ झाली आहे आणि खडकापासून केलेली कृत्रिम वाळू सर्रास मिळते. ती चालते. पण क्रशरखालची नुसती भुकटी वाळू म्हणून घेऊ नका.

सिमेंट : गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचा. तीन महिन्यांवरचे सिमेंट जोर हरवते. हात घातल्यावर थंड लागावे, गुठळ्या नसाव्यात. गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून रचू नका.

पाणी कुठे कमी, कुठे जास्त

काँक्रीट कालवताना पाणी जास्त झाले की गवंड्याचे काम सोपे होते आणि मालकाचे घर कच्चे होते. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरते, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. सुकू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये.

काँक्रीट घट्ट झाल्यावर मात्र पाण्याची कंजुषी नको. स्लॅबवर वाफे बांधून पाणी उभे करावे, कॉलमला ओले पोते गुंडाळावे. निदान दहा दिवस हे करावे. नवीन लावणीला पाणी तोडले तर काय होते हे शेतकऱ्याला माहीत आहे, काँक्रीटचेही तेच आहे. गवंडी दुसऱ्या कामावर गेला तरी हे काम घरच्या माणसाला करता येते आणि त्याला पैसा लागत नाही.

ग्रामपंचायतीने एक फेरी आधी मारावी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला निदान २५ चौरस मीटर जागा धरलेली आहे आणि पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. जोते झाले की फोटो काढला जातो, मग पुढचा हप्ता. पण फोटोत जोते दिसते, पाया दिसत नाही. सरपंच, ग्रामसेवक आणि अभियंता यांनी चर उघडे असतानाच एक फेरी मारली, तळाला मुरूम लागला की नाही एवढे पाहिले, तर गरिबाचे घर पहिल्याच पावसाळ्यात भेगाळणार नाही. २०२१ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत गेले. तिथे परवान्याची पद्धत बदलली, खालची जमीन तीच आहे.

रंग पाच वर्षांनी बदलता येतो, फरशी दहा वर्षांनी. दरवाजा सोयीने घेता येतो. पाया तेवढा एकदाच घालता येतो. तेव्हा खोदाई चालू असेल त्या दिवशी शेतावरचे काम बाजूला ठेवा आणि चराच्या कडेला स्वतः उभे राहा.