ताडपत्रीखालची फियाट

मैत्रिणींनो, बेसा, घोगली, मनीषनगर या बाजूला संध्याकाळी जरा पायी फिरून या. काही वर्षांपूर्वी जिथे शेतं होती, तिथे आज फ्लॅटच्या स्कीमच स्कीम दिसतात. आणि अशाच एखाद्या स्कीमच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या खांबाला लागून, ताडपत्रीखाली झाकलेली जुनी गाडी उभी असते. महालातला वाडा विकला, धंतोलीचा बंगला बिल्डरला दिला, बिऱ्हाड बेसाला आलं. पितळी घंगाळ गेलं, शिसवी कपाट गेलं, पण सासऱ्यांची फियाट काही गेली नाही. यजमान म्हणतात, "बघू, एकदा तिला नीट करून घेऊ." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, जागा अडतेय." भंगारवाला अधूनमधून विचारून जातो. आणि तुम्ही? तुम्ही म्हणता, "तो पुरुषांचा विषय!"

इथेच आपलं चुकतं. गाडीवर जाणारा पैसा घरखर्चातून जातो, रविवार तुमचा जातो आणि त्या गाडीच्या आठवणीही तुमच्याच घरातल्या असतात. मग निर्णय तेवढा दुसऱ्याचा का? ठेवायची तर नीट ठेवावी, काढायची तर रीतसर काढावी. "बघू" म्हणत दहा वर्षं उभी ठेवणं हाच सगळ्यांत महागडा मार्ग. न चालणाऱ्या गाडीचा पत्रा सडतो, रबर चिरतं, आणि शेवटी भंगारातही फारसं काही येत नाही.

ही गाडी आली कुठून?

जिच्यावर खर्च करायचा तिची कुळकथा ठाऊक असावी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईला कुर्ल्यात तिचा कारखाना होता. आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि १९५४ पासून फियाट ११०० आपल्याकडे येऊ लागली. ती पहिली गोलमटोल गाडी म्हणजे लोकांची 'डुक्कर फियाट'. १९६४ च्या सुमारास चौकोनी वळणाची 'डिलाइट' आली. तीच पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन १०८९ सी.सी.चं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि पुढे अखंड बाकासारखी सीट, म्हणून दोघांच्या मध्ये एक पोर आरामात बसे! २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली.

परवान्यांच्या त्या काळात गाडी 'बुक' करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. पैसे असूनही गाडी मिळत नसे, मग मध्यमवर्गाची काय कथा! लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घरच्यांसाठी फियाट घेतली, तेव्हा तिची किंमत होती १२,००० रुपये आणि खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला त्यांचं निधन झालं. ते कर्ज ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीला शास्त्रीजींच्या स्मारकात जपून ठेवली आहे. पाहा, गाडीचा हप्ता शेवटी घरच्या बाईच्याच पदरात पडतो. मग पहिला हिशेबही तिलाच ठाऊक असायला नको का?

आधी कागद, मग पत्रा

मेकॅनिकला बोलावण्याआधी कपाटातली फाइल काढा. आर.सी. बुक कोणाच्या नावावर आहे? सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर, असं बहुतेक घरी असतं. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची, असा नियम आहे. उशीर झाला असला तरी हे काम टाळू नका. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. दीर-नणंदांशी हे बोलणं गाडीवर पैसा घालण्याआधीच करावं. नंतर गाडी चकचकीत झाली की सगळ्यांनाच ती आपली वाटू लागते! सासूबाई असतील तर गाडी त्यांच्या नावावर करण्याचा विचार जरूर करा. त्यात मानही आहे आणि वादही टळतो.

दुसरी गोष्ट नोंदणीची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. जुन्या गाडीवर पर्यावरण करही असतो आणि नूतनीकरणाचं शुल्क अलीकडे पुष्कळ वाढलं आहे. किती वर्षांचं थकलं आहे, हे आर.टी.ओ.त विचारून कागदावर लिहून आणा. विमा आणि पी.यू.सी. ही दोन कामं निराळी.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेली असतील आणि तिच्या मूळ स्वरूपात फारसा बदल केला नसेल, तर २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढे पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरं येतात. पण एक अट नीट ऐका: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती काढायची. म्हणजे तिच्यातून मुलांना शाळेत सोडणं नाही आणि सीताबर्डीला खरेदीला जाणंही नाही. तुम्हाला गाडी मिरवायची आहे की वापरायची, हे आधी ठरवा.

अल्बम उघडा

गाडी मूळची कशी होती, हे शोधून काढण्यात खरी गंमत आहे, आणि हे काम यजमानांपेक्षा तुम्हीच बरं कराल. लग्नाच्या, बारशाच्या, सहलीच्या फोटोंत मागे गाडी उभी असतेच. तिची जाळी, बंपर, दिवे, आरसे कसे आहेत ते भिंगातून पाहा. फोटो काळा-पांढरा असला तर रंगाचं सासूबाईंना विचारा. किंवा दाराच्या आतल्या कडेला, डिकीतल्या रबराखाली जुना रंग शिल्लक असतो. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आर.सी.शी ताडून पाहा. इंजिन कधीकाळी बदललं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर तिथेच पुढे गाडं अडतं.

नागपूरच्या जुन्या कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे पन्नाशीतल्या गाडीच्या कागदांवर निरनिराळ्या राज्यांचे शिक्के दिसले, तर घाबरून जायचं कारण नाही. उलट ते जपून ठेवा; जुन्या गाडीच्या शौकिनांना ते क्रोमच्या बंपरइतकेच मोलाचे वाटतात.

खर्चाला क्रम लावा

"एकूण किती लागेल?" या प्रश्नाला कोणताही प्रामाणिक मिस्त्री छातीठोक उत्तर देणार नाही, कारण रंग खरवडल्याशिवाय आतला गंज कळत नाही. म्हणून टप्पे पाडा. घरखर्चाच्या वहीत गाडीचं निराळं पान करा आणि एक टप्पा पुरा होऊन त्याची बिलं लागल्याशिवाय दुसऱ्याला पैसे देऊ नका.

पहिला टप्पा जिवाचा: ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि वायरिंग. दुसरा इंजिनाचा. तिसरा पत्र्याचा. रंग त्यानंतर. सीट आणि क्रोम अगदी शेवटी. पुष्कळांचं उलटं होतं. आधी रंग लावून गाडी दारात चमकवतात, मग पत्रा कापावा लागतो आणि रंगाचे पैसे पाण्यात!

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला उगीच चावी मारून पाहू देऊ नका. आधी जुनं पेट्रोल काढून टाकावं, प्लगच्या भोकांत थोडं तेल सोडून इंजिन हातानं फिरवून पाहावं, मगच बॅटरी जोडावी. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घालायला सांगा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्यानं फुगतं, झिरपतं. गळणारं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन यांची गाठ पडू नये म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या, आणि गाडीत आग विझवायचा लहान सिलिंडर ठेवा. मागेपुढे पट्टे नसतील तर तेही बसवून घ्या. पोराला मध्ये बसवण्याची ती जुनी हौस आता फोटोपुरतीच बरी.

क्लबात तुम्हीही जा

एकट्यानं हे काम निभत नाही. सुटे भाग मिळणं बंद झालेलं. काही मुंबईला कुर्ल्याच्या आणि चोरबाजारातल्या दुकानांत सापडतात, काही दुसऱ्या शौकिनाच्या माळ्यावर. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र येतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था तर १९१९ सालची. व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांचे क्लब निराळे. दिल्लीला 'स्टेट्समन'ची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासून प्रसिद्ध आहे.

अशा मंडळींच्या रविवार सकाळच्या जमावात यजमानांबरोबर तुम्हीही जा, आणि केवळ पोह्यांचा डबा घेऊन नको. तीन प्रश्न विचारा: पत्र्याचं काम कोणाकडून करून घेतलंत, ठरल्यापेक्षा किती जास्त लागलं, आणि पुन्हा करायचं झालं तर काय निराळं कराल? तिथल्या बायकांना विचारलंत तर उत्तरं आणखी खरी मिळतील. जाणत्यांकडे जुनी मॅन्युअल्स असतात, त्यांच्या प्रती काढून घ्या. दोघा-तिघांनी मिळून रबरं किंवा काचा मागवल्या तर स्वस्त पडतात. आणि एक सावधगिरी: क्लबात गेलं की दुसऱ्याची गाडी पाहून "आपणही एक आणखी घेऊ" असा मोह होतो. पहिली रस्त्यावर आल्याशिवाय दुसरी दारात येणार नाही, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवून टाका!

घरच्या घरी

• फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा आधी तपासा.

• क्रोमवर तांबूस ठिपके असतील तर अॅल्युमिनियमची चांदी पाण्यात बुडवून, चुरगळून हलक्या हातानं घासा. राख किंवा तारेचा घासणा लावू नका, ओरखडे पडतात.

• कपड्यांच्या साबणाच्या पावडरीनं गाडी धुऊ नका, रंगाची चमक जाते. धूळ आधी पाण्याच्या धारेनं उतरवा, मगच फडकं लावा.

• दारांच्या रबराला उन्हाळ्याआधी ग्लिसरीनचा हात फिरवा, कमी चिरतं.

• बिस्किटाचा चुराही गाडीत राहू देऊ नका. भोवताली रिकामे प्लॉट असले की उंदीर येतात, आणि सीटच्या काथ्यात घर करून वायरी कुरतडतात.

• प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते. त्याऐवजी सुती कापडाचं आवरण शिवून घ्या. घरच्या मशीनवरही होईल.

• नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की, जुन्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. बॉनेट उघडून थांबा, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

• पंधरवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास चालवावी. (व्हिंटेज नोंदणी असेल तर नियम पाहून.) उभी गाडी लवकर म्हातारी होते.

आणि काढायचीच ठरली तर?

त्यात कमीपणा मुळीच नाही. पत्रा पार गेला असेल, मुलीचं शिक्षण तोंडावर असेल, तर "नाही" म्हणण्याचं धैर्य दाखवा. पण गाडी तशीच भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. एखाद्या शौकिनाला विकलीत तर नाव बदललं गेल्याची खात्री करून घ्या. मोडीत काढायची तर सरकारमान्य केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमच्या नंबरावर दुसराच कोणी फिरायचा!

ठेवायची ठरली, तर मात्र स्टिअरिंगवर स्वतः बसा. १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच्या नव्या मोटारीतून माहेरी निघाली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या तारेला आपल्या मोज्याचा पट्टा गुंडाळला. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीनं असा पुरा केला. तेव्हा स्टिअरिंगवरचे चार गिअर तुम्हाला जड जाणार नाहीत. लायसन्स असेल तर आठवडाभर सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव पुरे. गाडीचा खर्च वहीत तुम्ही मांडायचा आणि चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका!