अंगणात मावेल असं फुलझाड कुठलं?

आजचा प्रश्न: रो-हाऊसपुढे १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे, तिथे फुलणारं एखादं झाड हवंय. कुठलं लावू?

नर्सरीत काळ्या पिशवीतली रोपं सगळी सारखीच दिसतात, कमरेएवढी. फोन घेताना आपण रॅम, बॅटरी, सगळं तपासतो. झाड घेताना मात्र फक्त फुलाचा फोटो बघतो. गुलमोहराचं रोपही तिथे दोन-तीन फुटांचंच असतं. पुढे त्याची छत्री ३०-४० फूट पसरते, वरवरची मुळं फरशी उचलतात आणि ठिसूळ फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात. सप्तपर्णी तर चार मजल्यांच्याही वर जाते. आणि नको झालं म्हणून तोडू म्हणाल, तर आपल्याच अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

मग लावायचं काय? माझं पहिलं मत पारिजातकाला. अंगणात तो साधारण १२-१५ फुटांवर राहतो, छाटणी सोसतो. फुलं संध्याकाळी उमलतात, पहाटे केशरी देठांसकट खाली सडा. फक्त पाणी साचणारी जागा त्याला चालत नाही. आणि हो, सडा पडणार म्हणजे गाडी त्याखाली लावू नका, नाहीतर रोज सकाळी झाडलोट!

देवचाफा हळू वाढतो, मुळंही फार त्रास देत नाहीत. रोप विकत घ्यायचीही गरज नाही: कुणाकडून हातभर फांदी आणा, कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि मग लावा. ओलीच लावली तर कुजते. चीक अंगाला लागू देऊ नका. हिवाळ्यात पानं गळून नुसता सांगाडा उरतो, तेव्हा मेलं म्हणून उपटू नका!

तामण आपलं राज्यफूल, पण झाड मोठं होतं. तेच रूप छोट्या जागेत हवं असेल तर नर्सरीत 'लॅजरस्ट्रोमिया इंडिका' असं नाव घेऊन मागा. ही तामणीची धाकटी बहीण, चुरगळलेल्या क्रेप कागदासारखी फुलं. ती नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे हिवाळा संपताना बिनधास्त छाटा. ऊन मात्र भरपूर हवं.

खड्डा भिंतीपासून निदान ६ फुटांवर घ्या. आणि कुदळ मारण्याआधी वर विजेची तार आणि खाली ड्रेनेजची लाइन नाही ना, तेवढं बघा.