पाण्यावर पाणी तरंगते तेव्हा

तेल आणि पाणी हलवून ठेवले की दोन थर होतात, हे प्राथमिक शाळेतला विद्यार्थीही सांगेल. पण पाण्यावर पाणी तरंगेल का? उत्तर आहे, हो! डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८९६ मध्ये पाहिले, की जिलेटिन आणि आगर यांची पाण्यातील द्रावणे एकत्र केली तरी पुन्हा वेगळी होतात. १९५०च्या दशकात स्वीडनच्या पेर-ओके आल्बर्टसन यांनी या गुणधर्मावर पेशींचे घटक वेगळे करण्याची पद्धत उभारली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी) आणि डेक्स्ट्रान ही बहुवारिके त्यांनी वापरली. वरच्या थरात पीईजी जास्त, खालच्या थरात डेक्स्ट्रान; पण दोन्ही थर मुख्यतः पाण्याचेच.

साखर आणि मीठ पाण्यात गुण्यागोविंदाने राहतात, मग ही बहुवारिके का नाही? मिसळण्याकडे पदार्थांचा जो कल असतो, तो रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो. पाच लाख रेणुभाराच्या डेक्स्ट्रानच्या एका रेणूत ग्लुकोजचे सुमारे तीन हजार घटक साखळीने बांधलेले असतात. सुटे असते तर ते तीन हजार मोजले गेले असते. आता मोजला जातो एकच. उलट, दुसऱ्या साखळीशी असलेली किंचित नावड मात्र दर दुव्यागणिक मोजली जाते. ही बेरीज भारी ठरते आणि थर वेगळे होतात.

डीएनएच्या बाबतीतही बेरजेचाच खेळ आहे. समजा, डीएनएच्या प्रत्येक दुव्याला एक थर दुसऱ्यापेक्षा फक्त १ टक्का अधिक पसंत आहे. मग हजार दुव्यांच्या रेणूसाठी ही पसंती १.०१ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे २१,००० पट होईल! हा आकडा केवळ समजण्यापुरता. पण लांब रेणू एकाच थरात का गोळा होतो, हे त्यातून कळते. कोणत्या थरात, हे बरेचसे मीठ ठरवते. डीएनएवर ऋणभार असल्याने लिथियमऐवजी पोटॅशियमचे क्षार घेतले की त्याचा कल वरच्या थराकडून खालच्या थराकडे वळतो. त्यामुळे प्रथिने एका थरात आणि डीएनए दुसऱ्यात, अशी विभागणी साधता येते.

आता संहतीकरण. एकूण १०० मिलिलिटरपैकी खालचा थर ५ मिलिलिटरच ठेवला आणि सगळा डीएनए त्यात आला, तर संहती २० पट होईल. पण 'सगळा' हा शब्द जपून वापरावा लागतो. खालच्या थरातील संहती वरच्यापेक्षा १०० पट असली, तरी डीएनएची वाटणी ५०० : ९५ अशी होते. म्हणजे १६ टक्के डीएनए वरच्या थरात राहून वाया जातो. हेच प्रमाण १,००० पट असेल, तर तोटा २ टक्क्यांवर येतो. पाण्याच्या नमुन्यात रोगजंतूंचा डीएनए मुळात नगण्य असेल, तेव्हा हा फरक जंतू सापडणे आणि निसटणे यांतला ठरू शकतो.

प्रथिने काढून टाकण्याच्या जुन्या पद्धतीत फिनॉल लागते. ते विषारी आहे आणि त्वचा भाजते; म्हणून आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींना या पाणीदार थरांचे आकर्षण. अर्थात त्यांतही अडचणी आहेत. थरांच्या घनतेत फरक थोडा असल्याने ते सावकाश वेगळे होतात, आणि डीएनएसोबत आलेले बहुवारिक नंतर काढावे लागते.

वर्गात याचा एक भाऊबंद दाखवता येईल. परीक्षानळीत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळा. थर दिसणार नाहीत. आता भरपूर मीठ घालून हलवा आणि थांबा. दोन थर दिसतील, दोन्हींत पाणी! थेंबभर खाद्यरंग घालून तो कोणता थर निवडतो, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. जवळपास ज्योत नको.