गावाचा प्रश्न संसदेपर्यंत कसा जातो?

लोकसभेच्या निवडणुकीत आपण मतदान करतो आणि पाच वर्षांनी पुन्हा करतो. या मधल्या काळात आपला खासदार दिल्लीत आपल्यासाठी नेमके काय करू शकतो, हे मात्र वाडीवस्तीवर फारसे ठाऊक नसते. त्यामुळे अर्ज भलत्याच दारी जातात आणि वर्षे वाया जातात. या स्मरणिकेच्या निमित्ताने शिरूर व दौंड तालुक्यांच्या उदाहरणांवरून आम्ही हा विषय माजी विद्यार्थी व पालकांपुढे मांडत आहोत.

भीमेच्या दोन तीरांवरील हे शेजारी तालुके. ऊस, कांदा आणि पाण्याची चिंता दोघांनाही सारखीच. परंतु २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर शिरूर तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात आहे, तर दौंड बारामती मतदारसंघात. शिरूरमधून २००९ व २०१४ मध्ये शिवाजीराव आढळराव पाटील आणि २०१९ व २०२४ मध्ये डॉ. अमोल कोल्हे निवडून आले. बारामतीचे प्रतिनिधित्व २००९ पासून सुप्रिया सुळे करीत आहेत.

प्रश्न कोणाच्या दारी न्यावा, याचे उत्तर संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. तेथे विषयांच्या तीन सूची आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. जमीन, शेती आणि पाणी हे प्रामुख्याने राज्याचे विषय. म्हणून गायरानाचा किंवा पाटाच्या पाण्याचा प्रश्न आधी आमदाराकडे न्यावा. रेल्वे मात्र संघसूचीत येते. दौंड हे मोठे जंक्शन. मनमाडचा मार्ग तेथूनच फुटतो. रोज पुण्याला कामाला व शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी पुणे–दौंड लोकलची मागणी म्हणूनच संसदेत मांडावी लागते आणि ती तेथे मांडली गेली आहे.

कांद्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. कांदा पिकवणे हा राज्याचा विषय, पण त्याची निर्यात हा केंद्राचा. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने निर्यातबंदी लागू केली आणि तिचा फटका शिरूरच्या शेतकऱ्याला बसला. त्याच अधिवेशनात, संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीबाबत गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणारे अनेक विरोधी सदस्य निलंबित झाले. १९ डिसेंबरला निलंबित झालेल्यांत डॉ. कोल्हे आणि सुळे हे दोघेही होते. कारण कोणतेही असो, अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांत भीमेच्या दोन्ही तीरांचा आवाज सभागृहात नव्हता. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, आणि तीही किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्काच्या अटींसह. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

वन्यप्राण्यांचे संरक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड–जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालके व एक वृद्धा दगावली. लोकांचा संताप स्वाभाविक होता, पण तहसीलदार किंवा ग्रामपंचायत यांच्या हाती निर्णय नव्हता. बिबट्यांच्या नसबंदीला परवानगी द्यावी, ही मागणी डॉ. कोल्हे यांनी लोकसभेत मांडली होती. पुढे जुन्नर वन विभागात असा प्रयोग करण्यास केंद्राने मान्यता दिली.

आता खासदाराच्या हातातील साधने पाहू. सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तरांचा तास. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. प्रश्नाची सूचना सामान्यतः १५ दिवस आधी द्यावी लागते. त्यानंतरच्या शून्य प्रहरात तातडीचे विषय मांडता येतात. नियम ३७७ अन्वये मतदारसंघाचा विषय थोडक्यात नोंदवता येतो. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, तर ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. मंत्र्यांचे उत्तर छापील कार्यवाहीत राहते. पुढच्या अर्जाला जोडण्यासाठी त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही.

आमच्या समाजाला हा मार्ग नवा नाही. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. सभागृहातील विधेयकाला रस्त्यावरील माणसांचे बळ मिळाले. दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत आणि १९६२ मध्ये राज्यसभेत गेले. भूमिहीनांच्या मागण्यांची सनद १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना देण्यात आली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. त्या पिढीने सभागृह आणि सत्याग्रह या दोन्ही वाटा एकाच वेळी चालून दाखवल्या.

आज आपल्या मुलामुलींसमोर उभा असलेला एक प्रश्न याच कसोटीवर पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ पासून आहे. २०२०–२१ पासून तिच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. पैसे थकले की महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावते आणि गरीब घरातील मुलगी शिक्षण सोडण्याच्या टोकाला येते. अशा वेळी नुसते ‘शिष्यवृत्ती मिळत नाही’ असे निवेदन देऊन भागत नाही. कोणत्या वर्षाची, किती विद्यार्थ्यांची, केंद्राच्या वाट्याची की राज्याच्या, हे लिहिले पाहिजे. केंद्राचा हिस्सा अडला असेल तर प्रश्न लोकसभेत जाईल. राज्याचा अडला असेल तर विधानसभेत.

एवढी टिपणे तयार करणे आपल्या माजी विद्यार्थ्यांना मुळीच अवघड नाही. या शाळेतून शिकून कोणी वकील झाले, कोणी शिक्षक, कोणी कार्यालयीन कर्मचारी. प्रत्येकाने आपल्या गावचा एक प्रश्न तारखा, आकडे आणि कागदपत्रांसह एका पानावर लिहावा, अधिवेशनाच्या महिनाभर आधी तो खासदाराच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि उत्तर आले की ते गावच्या सभेत वाचून दाखवावे. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकारासाठी आयुष्यभर आग्रह धरला. त्या मताचे काम मतपेटीशी संपत नाही, हे आपल्या मुलांना आपणच दाखवून द्यायचे आहे.